मागचे रिपोर्ट दिल्याशिवाय पुढचे रक्त मागू नका

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची, कोकणा समाजातली मुलगी. आश्रमशाळेत शिकले, पुढे नाशिकला नर्सिंग आणि सार्वजनिक आरोग्यातले पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. सध्या शहरातल्या एका महाविद्यालयाच्या संशोधन प्रकल्पात समन्वयक आहे. विषय आदिवासी स्त्रियांमधला रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असणे, आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तीन वर्षांपूर्वी याच विभागाच्या पथकाने आमच्या भागातल्या बायकांचे रक्त तपासायला नेले होते. रिपोर्ट कोणाच्याच हाती आला नाही. आता मी गेले की बायका आधी तेच विचारतात. आमचे सर म्हणतात, ‘तू तिथलीच आहेस, तुझं ऐकतील, सह्या-अंगठे घेऊन टाक.’ नव्या प्रस्तावात ‘स्थानिक समुदायाची संशोधन क्षमता वाढवणे’ असे एक उद्दिष्ट आहे. त्यासाठी पाड्यावरच्या बारावी झालेल्या मुलामुलींना दोन दिवसांत फॉर्म भरायला शिकवायचे ठरले आहे. वेळ वाचावा म्हणून काही नमुने आश्रमशाळेतल्या मुलींकडूनच घ्यावेत, असाही विचार चालू आहे. मला हे पटत नाही, पण नेमके काय मागायचे ते सुचत नाही. नोकरी सोडू का? (नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)

उत्तर : नोकरीच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देते, कारण ते आधीच्या गोष्टींवर अवलंबून आहे. पण एक आत्ताच सांगते : पुढची एकही सही किंवा अंगठा घेण्याआधी तीन वर्षांपूर्वीच्या त्या रक्ताचा हिशेब लागला पाहिजे. तुमच्या पाड्यावरच्या बायका हा प्रश्न रागाने विचारत असतील किंवा थट्टेने, पण तो विचारता येणे हीच संशोधनाच्या क्षमतेची पहिली खूण आहे. तुमच्या विभागाने दोन दिवसांच्या प्रशिक्षणात जे शिकवायचे योजले आहे, त्याच्या कितीतरी पुढे त्या आधीच पोहोचल्या आहेत.

हिशेब लावायचा म्हणजे काय, ते नीट पाहू. विभागाच्या कपाटात किंवा संगणकावर जुनी नोंदवही असणारच. तिच्यात प्रत्येक नळीवरचा सांकेतिक क्रमांक आणि त्या क्रमांकाला जोडलेले नाव यांची यादी अजून आहे की नष्ट केली, हे पहिल्यांदा विचारा. यादी असेल, तर रिपोर्टचे दोन भाग पाडा. हिमोग्लोबिनचा तीन वर्षांपूर्वीचा आकडा आज उपचारासाठी निरुपयोगी आहे. मधल्या काळात एखादे बाळंतपण झाले असेल, गोळ्या घेतल्या असतील किंवा बंद केल्या असतील. त्या आकड्याचा कागद हातात ठेवण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने नव्याने तपासणी करून दिली, तर ती खरी परतफेड होईल. सिकलसेलचे तसे नाही. ती अवस्था जन्मतः येते आणि आयुष्यभर बदलत नाही, म्हणून तो रिपोर्ट कितीही जुना असला तरी आजही त्या बाईच्या मालकीचा आणि तिच्या उपयोगाचा आहे. कोणी आजारी असेल, तर तीन वर्षे ती उपचाराविना राहिली असण्याची शक्यता आहे, आणि ही बाब मानापमानाच्या पलीकडची आहे.

इथे एक काळजी घ्यावी लागेल. त्या वेळी केवळ विद्राव्यता चाचणी, म्हणजे पाड्यावर बसून करता येते ती सोल्युबिलिटी टेस्ट, केली असेल, तर तिच्यावरून बाई वाहक आहे (म्हणजे दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो, पण तिला स्वतःला आजार नाही) की प्रत्यक्ष रुग्ण आहे हे ठरत नाही; त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. ती झालेली नसेल, तर अर्धवट रिपोर्ट वाटून घबराट पसरवण्याऐवजी आधी ती तपासणी करून घ्या. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे आणि महाराष्ट्रात या आजाराचा सरकारी कार्यक्रम त्याच्याही बराच आधीपासून चालतो, त्यामुळे तपासणीसाठी निधी नाही, ही सबब विभागाला पुढे करता येणार नाही.

रिपोर्ट कसा द्यायचा, यावर मी जरा थांबते, कारण सद्भावनेने काम करणारी पथकेही नेमकी इथेच घोळ घालतात. ‘समुदायाला निष्कर्ष परत द्या’ हे वाक्य ऐकून उत्साही मंडळी ग्रामसभेत सगळी यादी वाचून दाखवायला निघतात. सिकलसेलचा वाहक असणे हा आजार नाही, पण पाड्यावर एकदा नाव फुटले की मुलीचे लग्न अडते, आणि ते मुलाच्या आधी मुलीचे अडते, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, ही माहिती लग्नाआधी कळणे गरजेचे आहे. पण ती त्या मुलीला, बंद लिफाफ्यात, समजावून सांगणाऱ्या बाईकडून कळली पाहिजे. म्हणून व्यक्तीचा रिपोर्ट व्यक्तीला आणि पाड्याचे चित्र पाड्याला, असे दोन वेगळे कार्यक्रम करा. पाड्याच्या बैठकीत नावे नकोत. एवढ्या बायकांची तपासणी झाली, त्यातल्या इतक्यांचे हिमोग्लोबिन कमी आले, गरोदर बायकांत हे प्रमाण इतके होते, एवढे पुरे. आणि तेही संध्याकाळी, बायका पाणी भरून, चूल पेटवून मोकळ्या झाल्यावर, तक्त्यापेक्षा चिंचोके मांडून दाखवलेले सगळ्यांना दिसते. पाडा फार लहान असेल आणि वाहक दोनच निघाले असतील, तर ती संख्याही सांगू नका. कोण ते सगळे ओळखतात. अशा वेळी चार-पाच पाड्यांची मिळून बेरीज सांगावी.

आता सरांच्या ‘तू तिथलीच आहेस’ या वाक्याकडे येते. ते कौतुकासारखे ऐकू येते, पण त्यात एक मोठी अडचण दडलेली आहे. तुमची मावशी, तुमची चुलती, तुमच्यासोबत आश्रमशाळेत शिकलेली मैत्रीण, यांना तुम्हाला ‘नाही’ म्हणणे जवळजवळ अशक्य आहे. त्यांचा अंगठा कागदावर उमटेल तो प्रकल्प समजला म्हणून नव्हे, तर पोरीची नोकरी टिकावी म्हणून. संमती स्वेच्छेने दिलेली असावी, ही संशोधनाच्या नीतीची पहिली अट इथे नात्यापोटी मोडते, आणि ती मोडल्याचे कोणत्याच कागदावर दिसत नाही. त्यामुळे प्रकल्प काय आहे ते तुम्ही जरूर समजावून सांगा, तुमच्याइतके चांगले ते कोणालाच सांगता येणार नाही. पण संमती घेण्याचे काम तुमच्या नात्यागोत्यात नसलेल्या सहकारी बाईने करावे, आणि मध्ये किमान एक रात्र जाऊ द्यावी, म्हणजे बायकांना आपसात आणि घरी बोलता येईल. ज्या बाईने नकार दिला, तिच्याकडे तुम्ही पुन्हा जाऊ नये. हे विभागाकडून लेखी करून घ्या, म्हणजे ‘तू का नाही मनवलंस’ हा ठपका तुमच्यावर येणार नाही.

यातले काही माझे मत आहे, पण बरेचसे नियमातच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ साली मानवी सहभागाच्या संशोधनासाठी राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत आदिवासी समाजांसाठी स्वतंत्र सूचना आहेत. आदिवासी भागात संशोधन करायचे तर त्याचा त्या समाजाला रोगनिदान, उपचार किंवा प्रतिबंध यांपैकी काहीतरी ठोस उपयोग हवा. तिथे जाण्यापूर्वी आदिवासी विकास आयुक्त किंवा जिल्हाधिकारी अशा सक्षम अधिकाऱ्याची परवानगी हवी. संमती समाजातल्या जाणत्यांशी सल्लामसलत करून, बोली जाणणाऱ्या माणसाच्या मदतीने आणि योग्य साक्षीदारासमोर घ्यावी. आणि समाजाच्या प्रमुखाने परवानगी दिली तरी प्रत्येक व्यक्तीची वेगळी संमती घ्यावीच लागते. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या अंगठ्याशेजारी जो साक्षीदार सही करतो, तो लिहिता-वाचता येणारा आणि तटस्थ असावा लागतो, म्हणजे तो पथकातला नसावा. तुमच्या प्रकल्पाच्या मागच्या संमतीपत्रांवर साक्षीदार म्हणून कोणाच्या सह्या आहेत, ते एकदा उघडून पाहा.

आयुक्तालय नाशिकलाच असल्याने वरची परवानगी ही आपल्याकडे सर्वांत सोपी पायरी ठरते, आणि म्हणूनच ती मिळाली की सगळे झाले असे समजण्याची सवय पथकांना लागते. सुरगाणा हा अनुसूचित क्षेत्रातला तालुका आहे. अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आणि त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. या कायद्याने आपल्या परंपरा, चालीरीती, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती यांचे जतन करण्यास ग्रामसभा सक्षम मानली आहे, आणि राज्याच्या नियमांप्रमाणे एखाद्या पाड्यालाही रीतसर ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट आहे. आरोग्य संशोधनाला ग्रामसभेची मंजुरी लागतेच, असे पेसात शब्दशः लिहिलेले नाही; पण जिथे रक्त, बाळंतपण, कुळे आणि खाणेपिणे यांची माहिती बाहेर जाणार आहे, तिथे ग्रामसभेपुढे न जाता थेट घरोघर फिरणे शोभत नाही. सरपंचाची सही म्हणजे ग्रामसभा नव्हे, हेही सरांना सौम्यपणे सांगावे लागेल. आणि ग्रामसभेत पुरुष पुढे बसून बोलतात, म्हणून तिच्याआधी बायकांची वेगळी बैठक घ्या. तिथे निघालेले आक्षेप मग सभेत एखादी वयस्क बाई मांडू शकते.

आश्रमशाळेतल्या मुलींचा विचार मात्र ताबडतोब थांबवा. इथे माझी भाषा मुद्दामच कडक आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एचपीव्ही लसीचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प झाला. खम्ममकडे त्यात अनेक आदिवासी मुली होत्या, आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डन-मुख्याध्यापकांच्या सह्या झाल्याचे चौकशीत उघड झाले. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लसीमुळे झाले नसल्याचा निष्कर्ष निघाला, पण एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर अहवाल दिला. लस वाईट नव्हती, आज ती अनेक देशांत नियमित दिली जाते. तरीही शेकडो सह्या एका दिवसात मिळतात म्हणून शाळा गाठण्याच्या त्या घाईने लोकांचा जो विश्वास गेला, तो लसीचे गुण सांगून परत येण्यासारखा नव्हता. तुमच्या प्रकल्पाचा विषय प्रौढ स्त्रिया असताना मुलींचे रक्त घेण्याला शास्त्रीय कारणही उरत नाही. उद्या खरोखर मुलींसाठी वेगळा अभ्यास करायचा झाला, तर आई-वडिलांची संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्यावे लागतील, आणि त्यासाठी पालकांपर्यंत पाड्यावर जावे लागेल. अधीक्षकांची सही त्याला पर्याय नाही.

रक्त काढल्यावर नळीत थोडे उरते. जांभळ्या बुचाची ती छोटी नळी शीतपेटीतून नाशिकला येते, तपासणी होते, आणि उरलेले उणे तापमानाच्या फ्रीजरमध्ये जाते. तिथे ते वर्षानुवर्षे राहू शकते. तुमच्या संमतीपत्रात त्याबद्दल काय लिहिले आहे? ‘भविष्यातील संशोधनासाठी वापर होऊ शकतो’ अशी एक ओळ बहुतेक असेल. ही ओळ किती महाग पडू शकते, याची एक गोष्ट सांगते. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या दरीत हवासुपाई नावाची एक छोटी आदिवासी जमात राहते. मधुमेहाचे प्रमाण फार वाढले होते, म्हणून १९९० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना त्यांनी रक्त दिले. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, आप्तविवाह आणि जमातीचे प्राचीन स्थलांतर यांचे अभ्यास झाले. आपण याच दरीतले आहोत, असे मानणाऱ्या लोकांना तुमचे पूर्वज दुसऱ्या खंडातून आले, असे त्यांच्याच रक्तातून सिद्ध करून दाखवले गेले, आणि तेही न विचारता. हे उघडकीस कसे आले? २००३ मध्ये त्या विद्यापीठात एका पीएच.डी.च्या सादरीकरणाला जमातीतली एक शिकलेली तरुणी बसली होती. तिने उठून विचारले, ‘या कामासाठी तुम्ही परवानगी घेतली होती का?’ प्रकरण न्यायालयात गेले, २०१० मध्ये तडजोड झाली, विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त जमातीला परत केले. ती तरुणी तुमच्याच जागी उभी होती, म्हणून ही गोष्ट तुमच्यासाठी निवडली.

तुमच्या संमतीपत्रात म्हणून वेगवेगळे पर्याय असावेत : तपासणीनंतर उरलेले रक्त नष्ट करा; याच आजाराच्या अभ्यासासाठी ठेवा; दुसऱ्या कशासाठी वापरायचे तर आधी परत येऊन विचारा. प्रत्येक बाईने यांतला एक निवडावा, आणि संमतीपत्र चार पाने जड मराठीत नसावे. संशोधनाची नैतिक बाजू तपासून मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीच्या समाधानासाठी कागद लागतो तेवढा लागू द्या, पण समजावणे तोंडीच, तुमच्या बोलीत व्हावे. समजले का, असे विचारू नका. त्याला सगळ्या जणी मान डोलावतात. ‘तुझ्या सासूने विचारलं, कशाला रक्त दिलंस, तर काय सांगशील?’ असे विचारा. उत्तरातून काय पोहोचले ते लगेच कळते.

आता क्षमतेच्या प्रश्नाकडे. तुमच्या विभागाने ती फॉर्म भरण्यापुरती धरली आहे. फॉर्म भरणारी माणसे लागतात, त्यात कमीपणा काहीच नाही. पण फॉर्ममधले प्रश्न जिथे ठरतात, तिथे पाड्यावरचे कोणी नसेल तर काय होते, ते पाहा. रक्तक्षयाच्या प्रश्नावलीत आहाराचा भाग असतोच. ‘गेल्या आठवड्यात हिरव्या पालेभाज्या किती वेळा खाल्ल्या?’ असा प्रश्न आणि शेजारी उदाहरणे : पालक, मेथी, शेपू. सुरगाण्याच्या घाटमाथ्यावरची बाई पालक खात नाही. ती पावसाळ्यात टाकळा, कुरडू खाते, शेवळं आणते, करटोली आणते. फॉर्म भरणारा मुलगा पालक-मेथी वाचून दाखवतो, बाई ‘नाही’ म्हणते, रकान्यात शून्य पडते, आणि आदिवासी स्त्रिया पालेभाज्या खात नाहीत, असा निष्कर्ष सन्मानाने छापून येतो. नागलीची भाकरी ‘इतर तृणधान्ये’ या रकान्यात जाते, ते वेगळेच. ही चूक कोणत्याही आकडेशास्त्राने दुरुस्त होत नाही, पण पाड्यावरच्या दोन बायकांना प्रश्नावली बनवताना शेजारी बसवले असते, तर ती पहिल्याच तासात सापडली असती. संस्कृतीचा आदर ही शास्त्राच्या कडेला लावलेली शोभा आहे, असे मानणाऱ्या सहकाऱ्यांना हे एवढे उदाहरण पुरेल.

काळवेळेचेही तसेच. दिवाळी झाली की तुमच्याकडची कितीतरी कुटुंबे द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात आणि काही थेट शिमग्याला परततात. अनुदानाचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते म्हणून पथक जानेवारीत सर्वेक्षणाला आले, तर पाड्यावर म्हातारी माणसे आणि पोरे भेटतील. कष्टाच्या कामाला गेलेल्या, म्हणजे बहुधा सर्वांत अशक्त असलेल्या तरण्या बायका नमुन्यातच येणार नाहीत. आषाढात आवणीच्या दिवसांत गेलात, तर दिवसा घराला कडी असेल. डोंगऱ्यादेवाचा उत्सव मार्गशीर्षात असतो, त्या दिवसांत पाळणूक, म्हणजे व्रताचे नियम, धरलेल्या घरात सुई घेऊन जायचे नसते, हे कोणत्या प्रस्तावात लिहिले आहे? हे सगळे पाड्याला ठाऊक असते. सर्वेक्षणाचे वेळापत्रक पाड्याने ठरवावे, हा अधिकार लेखी द्या, आणि द्राक्षबागांवरच्या वस्त्यांवर जाऊन बायकांना भेटण्याची तरतूद अंदाजपत्रकात ठेवा.

कमी शिकलेल्या बायकांना खरे संशोधन जमेल का, असे कोणी विचारले, तर गडचिरोलीचे नाव घ्या. राणी बंग आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. जन्म-मृत्यूची नोंद, बाळाचे वजन, श्वास मोजणे, तापमान घेणे, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, एवढे त्या करत होत्या, आणि पर्यवेक्षक त्यांच्या नोंदी पडताळत होते. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्या कामातून दिसले, आणि तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. लक्षात घ्या, हे दोन दिवसांत झाले नाही. प्रशिक्षण, काम, पडताळणी आणि पुन्हा प्रशिक्षण असे ते वर्षानुवर्षे चालले.

त्यामुळे दोन दिवसांऐवजी तुम्ही पुढील गोष्टी मागाव्यात, असे मला वाटते. पाड्यांतून पाच-सात जणांचा सल्लागार गट असावा. त्यात निम्म्याहून अधिक बायका, एखादी सुईण, आशाताई आणि शिकलेली एक-दोन मुले. या गटाला बैठकीचा मोबदला बुडालेल्या मजुरीइतका तरी मिळावा, कारण चहा-बिस्किटावर दिवसभर बसवून घेतलेला सल्ला फुकटचाच ठरतो. त्याने प्रश्नावली मंजूर करायची, वेळापत्रक ठरवायचे, आणि निष्कर्ष छापायला जाण्यापूर्वी ऐकायचे. ऐकून त्याला वेगळे म्हणायचे असेल, तर ते मतही लेखात यावे. निष्कर्ष दडपण्याचा अधिकार कोणालाच नको, पण त्याचा अर्थ लावण्यात पाड्याचा वाटा हवा. स्थानिक मुलामुलींना दर फॉर्ममागे पैसे देऊ नका, महिन्याचे मानधन द्या. फॉर्मवर पैसे ठेवले की फॉर्म वाढतात आणि खरेपणा घटतो. त्यांना नुसते भरायला नव्हे, तर स्वतः भरलेल्या माहितीची बेरीज-टक्केवारी काढून तक्ता करायला शिकवा. पुढच्या वर्षी पाण्याच्या किंवा तापाच्या साथीबद्दल आरोग्य केंद्राशी भांडायचे झाले, तर हेच कौशल्य त्यांच्या कामी येईल, तुमचा प्रकल्प असो वा नसो.

आणि प्रशिक्षण दोन्ही बाजूंना हवे. प्राध्यापक, निवासी डॉक्टर आणि प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांनी नमुने गोळा करण्याच्या आधी, हातात काहीही न घेता, पाड्यावर काही दिवस राहून यावे. त्या दिवसांत पाड्याने त्यांना शिकवावे. ही कल्पना सरांना विनोदी वाटण्याची शक्यता आहे. तिला ‘ओरिएंटेशन’ म्हणा, म्हणजे मंजूर होईल.

भगत आणि जडीबुटी यांबद्दल थोडक्यात. या प्रकल्पात औषधी वनस्पतींची माहिती गोळा करू नका, कितीही सहज मिळत असली तरी. ते ज्ञान व्यापारी उपयोगाचे ठरू शकते. त्यासाठी जैवविविधता कायदा २००२ आहे, गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि लाभातल्या वाट्याचा करार लागतो. तो स्वतंत्र विषय आहे. मात्र भगताला भेटायला विसरू नका. आजारी माणूस आधी त्याच्याकडे जातो, आणि प्रकल्पाबद्दलही आधी त्यालाच विचारले जाईल. अहवालात त्याच्याबद्दल ‘अंधश्रद्धा’ हा एक शब्द टाकून मोकळे होण्याची रीत आहे, ती तुम्ही तरी पाळू नका. लोक त्याच्याकडे कोणत्या तक्रारी घेऊन जातात आणि दवाखान्यात कोणत्या, हे लिहिलेत तर ते उपयोगी ठरेल.

रक्त काढताना हाती आलेल्या माहितीवर तिथेच काय करायचे, हेही आधी ठरवा. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ७ च्या खाली निघाले, तर तो आकडा आधी तिच्या उपचाराचा आहे, तक्त्याचा नंतर. त्याच दिवशी तिला ग्रामीण रुग्णालयापर्यंत नेण्याची गाडी, सोबतीला माणूस आणि खर्च यांची तरतूद नसेल, तर पथकाने सुई हातात घेऊ नये. लेखात पाड्याचे नाव छापू नये, हेही आताच ठरवून टाका. अमुक पाड्यात सिकलसेल आहे, अशी ख्याती झाली की त्या पाड्याच्या सगळ्याच मुलींना ती भोवते. नोंदींची एक प्रत, नावे काढून, ग्रामसभेकडे राहील, असे करारात लिहा.

तुमच्याबद्दल एक गोष्ट तुम्ही पत्रात विचारली नाही, तरी सांगते. लेखावर तुमचे नाव लेखक म्हणून यावे, आभारप्रदर्शनात नव्हे. वैद्यकीय नियतकालिके लेखकत्वासाठी ज्या अटी मानतात, त्यांत अभ्यासाच्या रचनेत किंवा माहिती गोळा करण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा, मसुद्याच्या लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मंजुरी आणि कामाची जबाबदारी स्वीकारणे, या चारही येतात. तुम्ही चारही पुऱ्या करू शकता, फक्त मसुदा तुमच्यापर्यंत आला पाहिजे. सुरुवातीलाच बोलून ठेवा. शेवटी हा विषय काढणे अवघड जाते.

राहिला नोकरीचा प्रश्न. आत्ता सोडू नका. तुम्ही गेलात, तर तुमच्या जागी येणारा माणूस अंगठे घेऊन टाकेल. सरांना एक पानाचे पत्र लिहा, तोंडी बोलू नका. पत्रात तक्रारीचा सूर नको. तीनच मागण्या करा : जुने रिपोर्ट नवीन नमुन्यांच्या आधी दिले जातील, आश्रमशाळा वगळली जाईल, आणि सल्लागार गट, उरलेल्या रक्ताचे पर्याय, संमती घेणारी दुसरी व्यक्ती या तीन बदलांसह प्रस्तावाची दुरुस्ती नैतिकता समितीकडे पाठवली जाईल. शेवटी लिहा की हे बदल झाल्यास पाड्यावर प्रकल्प मांडण्याची जबाबदारी तुम्ही घ्याल. सरांना नमुने हवे आहेत, आणि तुमच्याशिवाय ते मिळणे कठीण आहे; तुमची बाजू तुम्हाला वाटते तेवढी दुबळी नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही किंवा ‘हे सगळं नंतर बघू’ असे उत्तर आले, तर त्याच पत्राची प्रत महाविद्यालयाच्या नैतिकता समितीच्या सदस्य-सचिवांना द्या. समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, समितीत एक सामान्य नागरिक आणि एक कायदा जाणणारी व्यक्ती असते, आणि अशा विषयावर समाजाच्या प्रतिनिधीला विशेष निमंत्रित म्हणून बोलावण्याची सोयही आहे. ‘आमच्या रक्ताचं काय झालं’ असे विचारणाऱ्या बायकांपैकी एकीला त्या बैठकीला बोलवावे, अशी विनंती पत्रातच करा. तिच्या जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी समितीने द्यावी, हेही त्यातच लिहा. समितीनेही पत्र फायलीत घालून ठेवले आणि तुम्हाला पुन्हा अंगठे आणायला पाठवले, तर मात्र राजीनामा द्या, आणि त्यात कारण स्पष्ट लिहा.